आ वासलेलं एन्झाइम

"हे सांभाळून धर. आणि आधी हात धू, तुझ्या बोटांना लवंगेचा वास येतोय," असं म्हणत बायकोनं नाश्त्याच्या टेबलावर काचेची एक बारीक कुपी ठेवली. दातांच्या डॉक्टरांनी निमूटपणे उठून हात धुतले. वीस वर्षं दाढांच्या खड्ड्यांत लवंगेच्या तेलाचे बोळे भरून तो वास त्यांच्या बोटांत, बाह्यांत आणि मिशीत असा काही मुरला होता, की ते जिना चढत असतानाच घरी कळायचं.

कुपीत बोटभर लांबीचा एक ताठ, पांढरा केस होता. त्याच्या जाड टोकाला मोडक्या प्लास्टिकचा तुकडा चिकटला होता.

"कुणाचा आहे?"

"मांजराचा. मिशीचा."

बायको प्रयोगशाळेत जिवाणूच्या एका एन्झाइमवर काम करते, एवढं डॉक्टरांना माहीत होतं. तिथे मांजराचं काय काम, हे माहीत नव्हतं. आपल्याला बायकोचं काम समजतं असा बारा वर्षांच्या संसारात त्यांनी एक समज करून घेतला होता, आणि वर्षातून दोनदा तरी तो असा सकाळी सकाळी कोसळायचा.

"काल याची मूठ मोडली," ती म्हणाली. "तुझ्याकडे ते दातांचं सिमेंट आहे ना, निळ्या दिव्याखाली घट्ट होणारं? त्यानं याला नवी मूठ बसवून दे. सहा वाजता मी दवाखान्यात येऊन घेऊन जाईन."

"देतो. पण तू याचं करणार काय?"

बायकोनं टोस्टला लोणी लावता लावता त्यांना समजेल अशा भाषेत सांगायला सुरुवात केली. "असं समज, माझं एन्झाइम म्हणजे एक तोंड आहे. सडक्या लाकडात राहणारा एक जिवाणू त्या तोंडानं लाकडातला वासाचा अर्क फोडून खातो. ते तोंड चावतं कसं, हे मला बघायचंय. पण एकट्या एन्झाइमचा फोटो निघत नाही, फार लहान असतं ते. म्हणून अब्जावधी एन्झाइमं एकाच पोझमध्ये रांगेनं उभी करायची. त्यालाच स्फटिक म्हणायचं. त्याच्यावर क्ष-किरण सोडले, की आतलं तोंड कसं आहे ते मांडता येतं."

"मग निघाला का फोटो?"

"अकरा निघाले. अकराही फोटोंत आ वासून बसलंय. तीन वर्षं झाली. बत्तीस प्रकारचे खाऊ घालून पाहिले, एकाला म्हणून तोंड लावलं नाही त्यानं. अरे, ते मिटलेलं दिसल्याशिवाय चावतं कसं ते कळणार कसं?"

डॉक्टरांना एकदम कणव आली. त्यांचं स्वतःचं आयुष्य लोकांना तोंड उघडं ठेवायला लावण्यात चाललं होतं, आणि बायको एक तोंड मिटावं म्हणून तीन वर्षं झुरत होती.

"आणि हा केस?"

"स्फटिक आपसूक येत नाहीत. जुन्या स्फटिकाचा चुरा करायचा, त्यात हा केस बुडवायचा आणि नव्या थेंबातून एक रेघ ओढायची. विरजण लावतात तसं. मांजराच्या मिशीचं टोक निमुळतं असतं, अंगाला खवले असतात, त्यामुळे चुरा बेतानंच उचलला जातो. आमच्या धंद्यात सगळे हेच वापरतात." तिनं टोस्ट खाली ठेवला. "आज रेघा ओढल्या तर शुक्रवारपर्यंत स्फटिक येतील. शनिवारी क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर आमची पाळी आहे. पुढची पाळी आठ महिन्यांनी. आणि माझा प्रकल्प दोन महिन्यांत संपतोय. म्हणजे हा शेवटचाच प्रयत्न."

हे तिनं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की डॉक्टरांनी कुपी दोन्ही हातांनी धरली. त्याला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी ते कौतुकानं तिची प्रयोगशाळा बघायला गेले होते आणि बोलता बोलता एका टेबलाला कोपर टेकवून उभे राहिले होते. टेबल हललं. त्यावर सहा आठवडे न हलता बसलेले थेंब होते, ते सगळे वाया गेले. बायको त्यांना एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच त्यांना आजवर टोचत होतं. त्यानंतर तिनं सोपवलेलं हे पहिलंच काम. काहीही झालं तरी ते नीट करायचं, असं ठरवून त्यांनी कुपी खिशात ठेवली.

दहा वाजता, पहिला पेशंट यायच्या आत, त्यांनी केस कुपीतून काढून अवजारांच्या ताटलीत कापसावर ठेवला. सिमेंट काढलं. निळा दिवा हातात घेतला. एवढ्यात पहिला पेशंट दहा मिनिटं आधीच आला. तो ट्रक ड्रायव्हर होता, अंगानं दाराएवढा, आणि अक्कलदाढेनं रात्रभर त्याला झोपू दिलं नव्हतं. बिचारा गालावर हात धरून थेट खुर्चीतच जाऊन बसला. आधी माणूस मग मांजर, असा विचार करून डॉक्टर सुई घेऊन वळले.

"काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल," ते म्हणाले. हे वाक्य ते दिवसातून वीसदा म्हणायचे.

ड्रायव्हर शिंकला. त्या आकाराच्या माणसाची शिंक ती. ताटलीतला कापूस उडाला, कापसावरचा केस उडाला आणि तरंगत येऊन ड्रायव्हरच्या खालच्या ओठावर बसला. आता वीस वर्षांच्या सवयीला कोण काय करणार? पेशंटच्या ओठावर काही दिसलं की डॉक्टरांचा डावा हात त्यांना न विचारता थुंकी ओढायची नळी तिथे नेतो. हात गेला. नळीनं सुर्रकन आवाज केला. ओठ स्वच्छ झाला.

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"ते वहिनींचं होतं ना?" सिस्टरनं हळूच विचारलं.

ड्रायव्हरची दाढ निघाल्यावर दोघांनी मिळून नळीची जाळी उघडली. तिच्यात दातांत भरलेल्या जुन्या चांदीचे तुकडे निघाले, अर्धा दात निघाला आणि तळाशी जंतुनाशकात भिजून लुळा पडलेला केसही निघाला. ओल्या दोऱ्यासारखा तो चिमट्याच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होता. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनींना फोन करून सांगून टाका," सिस्टर म्हणाली.

"सांगतो. पण आधी दुसरा मिळतो का बघू. मांजराचाच तर हवाय. गावात मांजरं थोडी आहेत का?"

गावात मांजरं पुष्कळ होती, पण डॉक्टर दवाखान्यात अडकलेले. मग त्यांनी पेशंटनाच विचारायचं ठरवलं. पुढच्या पेशंटच्या तोंडात आरसा घालून त्यांनी सहज केल्यासारखं विचारलं, "घरी मांजर आहे का हो?"

पेशंट टपाल कचेरीतल्या बाई होत्या. मांजर म्हणताच त्यांचे डोळे भरून आले. त्यांची मनी मागच्याच महिन्यात गेली होती. त्या उघड्या तोंडानंच रडू लागल्या, आणि त्यांना शांत करण्यात पंचवीस मिनिटं गेली. त्यानंतर आलेल्या गृहस्थांकडे कुत्रा होता. त्यांच्यामागून आलेल्या चपळ बाईंनी मात्र लगेच कान टवकारले.

"आहे की, दोन आहेत. का हो डॉक्टर?"

आता सरळ 'मिशीचा केस हवाय' म्हणायचं, तर डॉक्टरांची जीभ रेटेना. "काही नाही, असंच. माहिती गोळा करतोय."

"मांजरामुळे दात किडतात का?"

"छे, छे. तसं अजून काही सिद्ध झालेलं नाही."

तो एक 'अजून' त्यांना भोवला. बाई तोंडात बोळा घेऊन बाहेर पडल्या, पण बोळ्यानं गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. साडेबारापर्यंत दवाखान्याचा फोन सारखा वाजू लागला. एकीनं विचारलं, मांजर घरात आहे पण पलंगावर चढत नाही, तर चालेल का. एकानं विचारलं, शेजाऱ्यांच्या मांजरामुळे आपली दाढ दुखू शकते का, आणि तसं लिहून मिळेल का. एक वाजता समोरच्या फुटपाथवरून जनावरांचे डॉक्टर तरातरा रस्ता ओलांडून आले.

"काय लावलंय तुम्ही हे? सकाळपासून तीन जण मांजर घेऊन आले, दुसरं घर बघा म्हणतायत. मांजरामुळे दात पडतात असं तुम्ही सांगितलंत म्हणे."

दातांच्या डॉक्टरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि झालेला सगळा प्रकार सांगितला. एन्झाइमच्या तोंडापासून ड्रायव्हरच्या शिंकेपर्यंत. जनावरांच्या डॉक्टरांनी पाण्याचा पेला संपवून खाली ठेवला.

"उपटून मिळणार नाही," शेवटी ते म्हणाले. "मिशी उपटली तर मांजराला दुखतं, आणि त्याचा अंतराचा अंदाजही चुकतो. मी कुणालाही तसं करू देणार नाही. पण ते केस आपोआप गळतात. मांजर जिथे झोपतं तिथे शोधा. मागच्या गल्लीत रिटायर्ड हेडमास्तरीणबाई राहतात, त्यांचा बोका ठोंब्या दिवसभर सोफ्याखाली पडलेला असतो. तिथे एखादा सापडेल."

हेडमास्तरीणबाईंचं नाव निघताच डॉक्टरांचा चेहरा पडला. बाईंची एक दाढ काढायची होती. वर्षभर त्या दर वेळी नवी सबब सांगून येणं टाळत होत्या. पण इलाज नव्हता. त्यांनी कपाळावरचा दिवा, लांब चिमटा आणि तोंडातला छोटा आरसा खिशात घातला आणि जेवणाच्या सुट्टीत बाईंची बेल वाजवली.

दार साखळीएवढं उघडलं. फटीत बाईंचा एक डोळा दिसला.

"फोनवर सांगितलं होतं ना, मला बरं नाही म्हणून? आता घरी येऊन काढणार का?"

"बाई, मी दाढेसाठी आलेलो नाही."

"मग खिशातून चिमटा का डोकावतोय?"

"मला तुमच्या सोफ्याखाली जायचंय."

बाईंनी चौतीस वर्षं शाळा चालवली होती. असली सबब त्यांनी कधी ऐकली नव्हती, आणि कदाचित त्यामुळेच ती त्यांना खरी वाटली. पाच मिनिटांनी गावातले नावाजलेले दंतवैद्य कपाळावर दिवा लावून सोफ्याखाली पालथे पडले होते, आणि बाई खुर्चीत बसून सूचना देत होत्या.

"डावीकडे बघा. तो डावीकडे झोपतो. काय मिळालं?"

"पेन्सिल."

"ती माझी आहे, द्या इकडे. अजून?"

"केसांची पिन. एक बटण. आणि हे..." डॉक्टर थांबले. दिव्याच्या उजेडात दोन पिवळे डोळे चमकले. दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र, ताठ अशा पुऱ्या चोवीस मिश्या. डॉक्टरांना मोह झाला. उपटायचं नाही हे त्यांना पाठ होतं. एखादा सैल झाला असेल का, एवढंच बघायला त्यांनी आरसा पुढे केला. ठोंब्याला आरशात दुसरा बोका दिसला.

बाईंनी डॉक्टरांच्या नाकाला औषध लावलं. "तोंड मिटा, आत जाईल," त्यांनी दरडावलं आणि डॉक्टरांनी मुकाट्यानं मिटलं. केस काही मिळाला नाही. गेल्याच शनिवारी बाईंनी सोफ्याखालून झाडून घेतलं होतं.

दुपारचे पेशंट संपले तेव्हा पावणेसहा झाले होते. डॉक्टर हात धुवायच्या बेसिनपाशी उभे होते. पंधरा मिनिटांत बायको येणार होती. तिला काय सांगायचं याची ते मनातल्या मनात तालीम करत होते आणि प्रत्येक वेळी पहिल्या वाक्याशीच अडत होते. ती आजही रागावणार नाही, नुसतं 'बरं' म्हणेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या 'बरं'ची त्यांना धास्ती वाटत होती. नाकाचा ओरखडा बघायला म्हणून त्यांनी मान वर करून आरशात पाहिलं आणि नाकाच्या खाली त्यांची नजर थबकली.

डॉक्टरांची मिशी झुपकेदार होती, काळीभोर होती, आणि तो काळाभोर रंग बाटलीतून येतो हे जगात कुणालाही ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होती. फक्त उजव्या कोपऱ्यातला एक केस कलपाला दाद देत नसे. जाड, ताठ, पांढरा. त्याच्यावर ते कधीपासून चिडून होते. आज पहिल्यांदा त्याच्याकडे पाहून त्यांना उमाळा आला. त्यांनी चिमटा घेतला, डोळे मिटले आणि हिसका दिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग कात्रीनं टोक तिरपं छाटून, जमेल तेवढं निमुळतं करून त्यांनी तो केस सिमेंटमध्ये रोवला आणि निळा दिवा लावला. मूठ मात्र सुरेख बसली.

बायको बरोबर सहाला आली. "नाकाला काय झालं?"

"मांजर," डॉक्टर म्हणाले. निदान हे तरी खरं होतं.

तिनं कुपी उजेडाला धरली. केसाकडे पाहिलं, मग नाकाकडे पाहिलं, मग पुन्हा केसाकडे. "मूठ छान बसलीय," ती म्हणाली आणि गेली.

तो आठवडा डॉक्टरांनी कसा काढला हे त्यांचं त्यांनाच माहीत. शुक्रवारी स्फटिक आले असं कळलं. शनिवारी यंत्रावरची पाळी झाली. पुढच्या गुरुवारी बायको घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. डॉक्टरांना वाटलं, संपलं सगळं.

"मिटलं," ती म्हणाली.

"काय?"

"तोंड. मिटलंय ते. दोन्ही जबडे कसे जवळ आलेत, कुठला कोपरा आत वळलाय, सगळं दिसतंय." आणि ती रडायला लागली. बारा वर्षांत तिला असं रडताना डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं. त्यांनाही भरून आलं. त्यांनी वाकून तिच्या चपला काढून ठेवल्या.

पण थोड्या दिवसांनी नवंच प्रकरण निघालं. मिटलेल्या तोंडात गोळ्यासारखं काहीतरी दिसत होतं. कुणी न घातलेलं. बायकोचे सर चार दिवस त्या गोळ्यात एकेक रेणू बसवून बघत होते, आणि अखेर एक बरोब्बर बसला.

"लवंगेच्या तेलातला निघाला," बायको जेवताना म्हणाली. "माझ्या एन्झाइमला बत्तीस पदार्थ आवडले नाहीत, हा मात्र धरून बसलंय. लाकडाच्या अर्काचा जवळचा नातेवाईकच आहे म्हणा तो. आता सरांचं म्हणणं, हा केसाबरोबर आलाय. प्रयोग पुन्हा करून बघायला हवा. त्याच प्राण्याचे आणखी सहा केस पाहिजेत. त्याशिवाय छापता येणार नाही."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. डोळ्यांसमोर ठोंब्या उभा राहिला. हे लोक आता त्या बिचाऱ्याच्या मागे लागणार, त्यातून काहीच निघणार नाही, आणि बायकोनं तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते खोटं ठरणार.  त्यांनी ताट बाजूला सारलं.

"अगं, ऐक. ते मांजर... मांजर नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शिंक, नळी, जाळी, सोफा, आरसा. सांगता सांगता मान खाली गेली. "तू विश्वासानं एक काम दिलंस आणि मी तुला फसवलं," ते म्हणाले. "त्या टेबलासारखंच हेही केलं."

बायको उठली आणि पिशवीतून प्रयोगाची वही घेऊन आली. तिनं त्या दिवशीचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'केस मांजराचा नाही. टोक कात्रीनं छाटलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली खवले माणसाच्या केसाचे. मुळाशी कलपाचा डाग. लवंगेचा वास. मालक ओळखीचा.'

डॉक्टर आ वासून बघत राहिले.

"कलप तुला माहीत होता?" एवढंच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"सात वर्षं."

"मग त्याच दिवशी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? दुसरा केस होता कुठे? आणि तू ओरबाडलेलं नाक घेऊन, सुजलेल्या डोळ्यांनी उभा. माझ्यासाठी काय काय करून आलास ते दिसतच होतं की." तिनं वही मिटली. "म्हटलं, रेघ तर ओढू. सरांनी तो रेणू बसल्यावर वही वाचलीय. त्याआधी लवंगेचं मी मुद्दामच त्यांच्याजवळ काढलं नाही, त्यांचं त्यांना कळू दिलं. म्हणून तर ते म्हणाले, त्याच प्राण्याचे केस हवेत. तीन धुतलेले, तीन न धुतलेले."

डॉक्टरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला तोवर बायकोनं दिवा जवळ ओढला होता, आरामखुर्ची मागे कलती केली होती आणि पिशवीतून चिमटा काढला होता. ते खुर्चीत जाऊन बसले. मान मागे टाकली. आपण या बाजूनं छताकडे कधी पाहिलंच नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं.

"दुखेल का गं?" त्यांनी विचारलं.

"छे," बायको वाकून एक चांगलासा केस निवडत म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं वाटेल."

तिसऱ्या केसाला डॉक्टरांनी हात वर करून थोडी विश्रांती मागितली. बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला आणि चूळ भरणार का, असं विचारलं. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या दवाखान्यात मुंगीचं नाव निघालेलं नाही. सुई टोचण्याआधी ते पेशंटचा हात धरतात आणि सरळ सांगतात, "दुखेल." वर्षभर सबबी सांगणाऱ्या हेडमास्तरीणबाई हे ऐकून त्याच आठवड्यात आपण होऊन दाढ काढायला आल्या.